नाव ठाऊक नसलेल्याचं गाऱ्हाणं

गेल्या आठवड्यात घरी गेले होते, आमच्या गावी, बाजारकुणंगला. गावाजवळच्या रामनगरला बसमधून उतरले तर आई स्टँडवर उभीच... "जत्रंला आली न्हाईस, आता कशाला आलीस?" म्हणाली, आणि माझी बॅग तिनेच उचलली.

जत्रेला का आले नाही, ते फोनवर नीट सांगताच आलं नव्हतं. मी बेंगळूरला एका लॅबमध्ये काम करते. ब्लड कॅन्सरच्या पेशंटच्या पांढऱ्या पेशी हॉस्पिटलमधून पिशवीत आमच्याकडे येतात. आम्ही त्यांच्यात एक नवं जनुक घालतो, म्हणजे त्यांना कॅन्सर ओळखता येतो... मग त्या वाढवून ज्याच्या त्याला परत पाठवायच्या.

लॅबच्या आत टिकली नाही, बांगड्या नाहीत, केसांत फूल तर नाहीच. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट. ग्रुप फोटो बघून आईने विचारलं होतं, यातली तू कुठली?

जत्रेच्या आठवड्यात आलेली पिशवी मोठी हट्टी निघाली. आधीच्या किमोने पेशी पार थकलेल्या, वाढायचं नावच घेईनात. पुरेशा झाल्या नाहीत तर पेशंटला द्यायला काहीच नसतं, आणि पुन्हा पेशी काढण्याइतका वेळ त्याच्याकडे असेलच असं नाही. मी सुट्टी रद्द केली. रोज जाऊन बघायचे... आणि वाढल्या हो शेवटी! सगळ्या टेस्ट झाल्या, पिशवी गोठवून रवाना झाली.

त्यानंतर काहीच नाही. आम्हाला फक्त नंबर दिसतो, नाव नाही. नियम बरोबरच आहे... पण तो माणूस बरा झाला का, हे मला कधीच कळणार नाही. बाई की बुवा, तेही ठाऊक नाही. इतका जीव लागतो, आणि विचारायचं कुणाला?

हे सगळं आईने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नारळ घेऊन मला देवळात घेऊन गेली.

आमच्याकडे काही अडलं की देवीला गाऱ्हाणं घालतात. ज्याच्यासाठी मागायचं, त्याचं नाव-गाव गुरवकाका देवीपुढे मोठ्याने सांगतात.

"कुणाचं नाव घेऊ गे?" काकांनी मला विचारलं.

"नाव ठाऊक न्हाई, काका."

"गाव?"

"ते बी न्हाई."

काका नारळ हातात धरून तसेच थांबले. मला वाटलं, उगाच आलो. तेवढ्यात आई म्हणाली, "माझ्या लेकीचं नाव घ्या की."

मग काकांनी माझं नाव घेतलं, माझं गाव घेतलं... "माये, हिच्या हातचं ज्याच्या अंगात गेलंय, त्यो जिथं असंल तिथं त्येला बरं कर. घरला पोचीव त्येला." देवळात होते तेवढे सगळे 'व्हय' म्हणाले. मला रडू आवरलं नाही.

निघताना आई बसच्या खिडकीशी आली आणि नेहमीचंच म्हणाली, "पोचलीस की फोन कर." आजवर हजारदा ऐकलं असेल. वैतागलेही असेन... या वेळी मात्र बस हायवेला लागली तरी तेच डोक्यात होतं. मलाही कुणाकडून तरी तेवढाच एक फोन हवा आहे.

बेंगळूरला उतरले आणि आधी आईला फोन लावला. आता तुम्हाला विचारते, नाव माहीत नाही म्हणून इथेच विचारते... पोचलात ना हो घरी?