छत्री विसरलेल्या बाईची शिकवणी

म्हातारपणाच्या मानसशास्त्रात पीएचडी करतेय म्हटल्यावर मावशीने विचारलं होतं, "त्यासाठी सिंगापूरला कशाला? आमच्या सोसायटीतली बाकं भरलेली असतात." तिचं ऐकायला हवं होतं.

माझा प्रयोग अगदी साधा. सिंगापूरच्या वुडलँड्स भागात एका इमारतीखाली ज्येष्ठांचं केंद्र आहे. तिथल्या प्रत्येकाला मी एक गोष्ट वाचून दाखवायची: एक बाई बाजारातून मासा घेते, बसमध्ये हिरवी छत्री विसरते, ड्रायव्हर ती परत आणून देतो. सहा महिन्यांनी परत जाऊन कोणाला किती आठवतंय ते तपासायचं. विसरणं हाच माझा कच्चा माल. लोक विसरले नाहीत तर माझा प्रबंध उपाशी.

सहा महिन्यांनी गेले, तर कोणी काही विसरलंच नव्हतं! पहिल्या आंटींनी गोष्ट घडाघडा म्हणून दाखवली. दुसऱ्यांनी माझ्या उच्चारांसकट म्हटली. तिसरे अंकल म्हणाले, बाईने मासा आधी घरी ठेवायला हवा होता, यावर क्लासमध्ये अजून वाद चालू आहे.

"कुठला क्लास?"

"ट्यूशन लाह," ते खास सिंगापुरी हेल काढत म्हणाले.

केंद्रातल्या एका निवृत्त शिक्षिकेने गोष्ट ऐकल्या ऐकल्या लिहून काढली होती आणि दर मंगळवारी शिकवणी सुरू केली होती. उजळणी, तोंडी परीक्षा, सगळं. माझ्या गाईडबाईंनी फोनवर ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, हा सगळा डेटा बाद. माझं डोकंच फिरलं. तशीच त्या शिक्षिकेपुढे जाऊन उभी राहिले.

"आंटी, या टेस्टमध्ये पास-नापास नसतं हो!"

तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "व्हेअर गॉट टेस्ट नो पास?"

मी पुण्यात स्कॉलरशिपच्या क्लासांत वाढलेली. मला तरी अशी टेस्ट कुठे माहीत होती?

मग तिने आवाज खाली आणला. कोपऱ्यात तिचा नवरा वर्तमानपत्र उलटं धरून बसला होता. हल्ली तो विसरायला लागला होता. आज टेस्टमध्ये नापास, उद्या त्याला वृद्धाश्रमात टाका म्हणतील, असं तिच्या मनाने घेतलं होतं. एकट्याला शिकवलं असतं तर तो चिडला असता, म्हणून तिने सगळ्यांनाच बसवलं. सगळे बसलेही. माझ्या टेस्टमुळे असं काही होणार नाही, हे तिला शपथेवर सांगितलं. तिला ते पटलं नाही.

"त्याची टेस्ट घे," ती म्हणाली.

डेटा तर केव्हाच गेला होता. तरी मी तिच्या नवऱ्यापुढे रेकॉर्डर लावला. अंकल ताठ बसून बोलू लागले. मासा, बस, हिरवी छत्री, ड्रायव्हर. त्यांच्या शेजारी तिचे ओठ हलत होते. एक तपशील सुटला नाही.

"फुल मार्क्स?" तिने विचारलं.

"फुल," मी म्हणाले. रेकॉर्डर बंद केला.

अंकल खूश होऊन उठले आणि तिला म्हणाले, "टीचर, आता घरी जाऊ? बायको वाट बघत असेल."

तिने त्यांची पाण्याची बाटली आपल्या पिशवीत टाकली.

"चला," ती म्हणाली, "मीही तिकडेच चाललेय."