रिकामी जागा दिसली तर थांब

मार्चमधला दुसरा रविवार, सकाळचे अकरा. रक्कम पंधरा हजार रुपये. हजर तिघे: मी, माझी मुलगी आणि आमच्या मंडळाचे आधीचे हिशोबनीस, ज्यांना सगळा गाव आबा म्हणतो. जागा मुलुंडचं आमचं घर, जेवणाचं टेबल. टेबलावर मुलीचा लॅपटॉप आणि लाल कापडी पुठ्ठ्याची वही. पैसे पाकिटात घालून कपाटात ठेवले होते. ते अकरा दिवसांपूर्वीच एका घरी पोचायला हवे होते.

मंडळ म्हणजे कोकणातल्या आमच्या गावची मुंबईतली माणसं. घरं दोनशे बारा. बरीचशी घाटकोपर, विक्रोळी, मुलुंडला, थोडी मानखुर्दला. दर घरामागे महिना शंभर रुपये वर्गणी, त्यातून मयत फंड चालतो. सभासदाच्या घरात कोणी गेलं की त्याच दिवशी हिशोबनीसाने स्वतः जाऊन पंधरा हजार रुपये घरच्या बाईच्या हातात द्यायचे. अर्ज नाही, दाखला नाही. एका मयतीपुरती रोख हिशोबनीसाच्या कपाटात कायम असते. सलग बारा महिने वर्गणी थकली तर सभासदत्व बंद. हा नियम छापील आहे.

आबांनी ही वही तीस वर्षं लिहिली. मोतीबिंदूमुळे गेल्या दिवाळीत त्यांनी ती माझ्याकडे दिली आणि ते बोरिवलीला मुलाकडे राहायला गेले. मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे. मोजणीत एक नट कमी आला तरी मी पुन्हा पहिल्यापासून मोजतो. वही हातात आल्यावर मी मागच्या दहा वर्षांचे आकडे स्वतः कॉम्प्युटरमध्ये भरले. काही चौकटींत आकडा नव्हता, पेनाचा बारीक ठिपका होता. मला वाटलं, आबांनी विचार करताना पेन टेकवलं असेल. त्या चौकटी मी रिकाम्या सोडल्या.

मुलगी पवईला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. ती म्हणाली, "बाबा, हिशोबाचा प्रोग्रॅम मी लिहीत नाही बसणार. एआय असिस्टंट लिहील, मी तपासते." एका दुपारीच काम झालं. शेवटी त्याने टिपण दिलं होतं: काय केलं, काय गृहीत धरलं. त्यात एक ओळ होती. रिकाम्या चौकटी शून्य धरल्या आहेत. सलग बारा शून्यं आली की सभासदत्व बंद दाखवलं आहे. मुलीने ती मला वाचून दाखवली आणि विचारलं, "बरोबर ना?" मी म्हणालो, "एकदम बरोबर." म्हणजे त्याने लपवलेलं काहीच नव्हतं. होकार माझा होता.

मग त्या रविवारच्या अकरा दिवस आधी, बुधवारी सकाळी विक्रोळीहून फोन आला. तिथल्या चाळीतला आमचा एक सभासद, टेम्पो चालवायचा, दीड वर्ष किडनीने आजारी होता. तो पहाटे गेला. फोन त्याच्या पुतण्याचा. मी मोबाइलवर नाव काढून पाहिलं. लाल अक्षरांत होतं: सभासदत्व बंद, थकबाकी सतरा महिने. मी पुतण्याला तेच सांगितलं. "नाव बंद दिसतंय. समितीला विचारून कळवतो." मग मागून वहिनींचा, गेलेल्याच्या बायकोचा, आवाज आला. "राहू दे रे. त्यांना त्रास नको देऊ."

मी अंत्ययात्रेला गेलो, खांदा दिला. अंत्यविधीचं सामान चाळीतल्या लोकांनी पैसे गोळा करून आणलं होतं. ते मी पाहिलं. तरी घरी येताना, आपण नियमाप्रमाणे वागलो, याचं मला समाधान होतं. हे लिहायला जड जातं, पण तसंच होतं.

दहाव्याला आबा बोरिवलीहून आले. विधी झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"वेळेत दिलंस ना?"

"नाव बंद होतं, आबा. सतरा महिने."

"आणि ठिपके? ते नाय दिसले तुका?"

तेव्हा मला कळलं. ज्या घरातला कमावता माणूस पडला, त्या घराकडून वर्गणी घ्यायची नाही, अशी मंडळात रीत होती. पण 'माफ' लिहायचं नाही, कारण वही वार्षिक सभेत हातोहात फिरते. आकड्याच्या जागी ठिपका. ठिपका म्हणजे भरल्यासारखंच. आबा दर महिन्याला त्या घरी जायचे, चहा घ्यायचे आणि पावतीपुस्तक पिशवीतून काढायचेच नाहीत.

सतरा महिन्यांतले पहिले तेरा ठिपके आबांचे होते. उरलेल्या चार चौकटी माझ्या काळातल्या, खरोखर रिकाम्या. त्या चार महिन्यांत मी त्या घराची पायरी चढलो नव्हतो. व्हॉट्सअॅपवर थकबाकीची आठवण मात्र चार वेळा पाठवली होती.

समितीला मी तोवर विचारलंच नव्हतं; त्याच संध्याकाळी विचारलं, फोनवर होकार मिळाला. मी लगेच पाकीट न्यायला निघालो, तर आबा म्हणाले, "तिच्या घरचं नाव तिथे लाल ठेवून पाकीट कुठल्या तोंडाने देणार? आधी ता नीट कर. मग मी येतंय तुझ्याबरोबर."

म्हणून आम्ही रविवारी बसलो.

मुलीने सांगितलं, "असिस्टंट कामाला लागायच्या आधी नियमांची एक फाइल वाचतो. आपण ती लिहिलीच नव्हती. मराठीत लिहिली तरी चालेल."

"वाचता खरो?" आबांनी विचारलं. "का नुसतो हो म्हणता, तुझ्या बापाशीसारखो?"

ती हसली. मी नाही हसलो.

पहिला नियम मी सांगितला: रिकामी जागा म्हणजे शून्य नाही. दिसली तर थांब आणि विचार. मुलगी म्हणाली, "कारण पण लिहूया. नुसतं थांब म्हटलं तर इथे थांबेल, दुसरीकडे तशीच चूक करेल. का, ते कळलं की नीट वागतो."

आबांनी टेबलावर हात ठेवला. "गो बाय, कारण लिवचाच होता तर तीस वर्सां मी ठिपके कित्याक काढलंय?"

अर्धा तास गेला. ती लिहायची, वाचायची, पुसायची. शेवटी राहिलं ते असं: "काही घरांबद्दल मंडळाने घेतलेला निर्णय वहीत शब्दांत नसतो. तो तुला माहीत असणार नाही. म्हणून रिकाम्या जागेचा अर्थ स्वतः लावू नकोस. यादी कर आणि हिशोबनीसाला विचार."

आबांनी ते दोनदा वाचून घेतलं. "कोणाचा नाव नाय ना खंय?"

"नाही, आबा."

"मग रवांदे."

दुसरा नियम: बेरीज जुळत नसेल तर जुळवून आणू नकोस, फरक दाखव. तिसरा: कुठलंही नाव आपोआप बंद होणार नाही. हिशोबनीस त्या घरी जाऊन आल्यावरच बंद करील. लिहिता लिहिता मुलगी थांबली. "बाबा, हा नियम त्याच्यासाठी नाहीये. तुझ्यासाठी आहे."

"लिही," मी म्हणालो. "एकाच फाइलीत राहू दे."

तिने काम पुन्हा चालवलं. या वेळी निकाल आला नाही. एकोणीस घरांची यादी आली, कोणत्या महिन्यांच्या जागा रिकाम्या आहेत त्यासकट, आणि खाली प्रश्न: यांचा अर्थ काय? उत्तर मिळेपर्यंत आणखी कोणतंही नाव बंद केलेलं नाही.

आबा भिंग घेऊन वहीवर वाकले. मी नाव वाचायचं, त्यांनी बोट ठेवायचं. "ठिपको. ह्यो पण ठिपको. हा? ह्याका काय धाड भरली? गेल्या वर्सा गाडी घेतल्यान. ह्याच्याकडून वसूल कर." चौदा घरं ठिपक्यांची निघाली, पाच थकबाकीची. चौदांपैकी विक्रोळीचं घर शेवटी ठेवून बाकीच्यांच्या नोंदी आम्ही पूर्ण केल्या. "पडद्यार काय दिसता?" आबांनी विचारलं. मुलगी म्हणाली, "बाकीच्यांसारखंच. चालू."

विक्रोळीच्या त्या घरापाशी आल्यावर आबांनी आपले तेरा ठिपके मोजले आणि पेन माझ्याकडे सरकवलं. "पुढचे चार तुझे." मी लाल वहीत चार ठिपके काढले. मग मुलीने नाव लाल अक्षरांतून काढलं.

चारच्या सुमाराला आबा आणि मी विक्रोळीला पोचलो. सुतक होतं म्हणून चहा शेजारच्या खोलीतून आला. मी वहिनींना म्हणालो, "चूक माझी झाली."

त्या म्हणाल्या, "भावोजी, पहिला मेसेज आला तेव्हाच कळलं की आमचं नाव आता दुसऱ्या हातात गेलं. ह्यांनी चारही वाचले. मला म्हणाले, आबांना नको सांगू, म्हाताऱ्याला वाईट वाटेल."

आबा दाराबाहेरच्या चपलांकडे बघत राहिले.

वहिनींनी पाकीट घेतलं, न मोजता भिंतीतल्या देवळीत ठेवलं. मग फळीवरच्या डब्यातून शंभराची नोट काढली. "ही ह्या महिन्याची. पंधरवड्याने मी कामावर लागतेय. वहीतला आबांचा ठिपका आम्ही सभेत पाहिला होता. आता तो नको, आकडा लिहा."

मी आबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी पावती फाडली.

दिले: पंधरा हजार रुपये, पाचशेच्या तीस नोटा, वहिनींच्या हातात, अकरा दिवस उशिरा. घेतले: शंभर रुपये, मार्चची वर्गणी, त्यांच्याकडून.