शेजारणीच्या घारी

आभाळात ओळखपाळख असलेली एकच बाई मी आजवर पाहिली, आणि ती इथे उमेळ्यात आमच्या भिंतीपलीकडे राहत होती. ती असताना तुम्ही दोघं एकदाच आला होतात, तेही इतके लहान असताना की तुम्हाला ती आठवणार नाही. आठवलंच तर बोंबलाचं एक मुंडकं आठवेल, जे आभाळातून थेट धाकटीच्या दुपट्यावर येऊन पडलं होतं. तुमची आई किंचाळली आणि शेजारीण भिंतीवरून म्हणाली, "घाबरू नको गं, ताजा हाय!"

आमची आठ बैठ्या घरांची सोसायटी होती. पुढे केळीच्या वाड्या, मागे बावखल, म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं जुनं तळं. शाळेतून निवृत्त होऊन मी इथे राहायला आले तेव्हा शिस्तही बरोबर आणली. मीटरच्या पेटीवर, दुधाच्या पिशवीवर, माठावर माझ्या तिरप्या, जांभळ्या अक्षरातल्या सूचना चिकटवलेल्या असत. लोखंडी फाटकावर तर कायमची पाटी होती : 'फाटक लावून घ्यावे.' तुमचे आजोबा म्हणत, माझा जरा डोळा लागला तर ही माझ्या पाठीवरही काहीतरी लिहील.

शेजारीण अर्नाळ्याची. जन्मभर डोक्यावर पाटी घेऊन तिने दारोदार मासळी विकली होती. मुलगा मुंबईत कचेरीत लागला, त्याने इथे घर घेतलं आणि आईला सांगितलं, आता नुसतं बसायचं. ती बसली, पण खुर्चीवर नाही. ती जुनी पाटी पालथी घालून तिच्यावर, बावखलाच्या काठी बसली. समोर गिऱ्हाईक नसलं की तिला घास गोड लागत नसे. सकाळी बाजारातून ती मासळीची मुंडकी, शेपट्या आणि आतडी घेऊन येई आणि दुपारी दोनच्या ठोक्याला आभाळाकडे बघून हाळी देई, "या गं बायांनो, आली मासली!" आणि त्या खरोखर येत. कुठेही नसलेल्या घारी दोन मिनिटांत डोक्यावर गोल फिरू लागत. हे तिचं गिऱ्हाईक.

प्रत्येकीला तिने जुन्या गिऱ्हाइकांची नावं दिली होती. एक वकिलीण होती, फार चिकित्सक, दोनदा सूर मारून बघणारी आणि तिसऱ्यांदा उचलणारी. एक डायवरीण, सगळ्यांना कट मारून पुढे घुसणारी. एकदा घेतलेलीने पुन्हा झेप घेतली की ही पदर खोचून ओरडे, "तुला दिलं ना मघाशी? मागं सर! घरी काय लगीन हाय?" कावळ्यांना मात्र ती दारात उभं करत नसे, कारण कावळा विकत घेत नाही, चोरतो. घार तरी कुठे विकत घेते, असं मी एकदा विचारलं. "ती तोंड दाखवून घेते," ती म्हणाली. भिंतीवर एकटीच लांब बसणारी, आधी इकडेतिकडे बघून मगच येणारी एक घार होती. तिचं नाव तिने मला बरेच दिवस सांगितलं नाही. शेवटी कळलं, ती मास्तरीण. म्हणजे मी.

आता यातली अडचण अशी की घारी बसून जेवत नाहीत. त्या उडता उडता खातात आणि नको ते खाली टाकतात, आणि त्यांचं खाली म्हणजे माझं अंगण. वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर आतडं, कुरडयांच्या ताटात कल्ले, आणि एकदा तुळशीवृंदावनात बांगड्याचं मुंडकं, तेही पूर्वेकडे तोंड करून. मासळीवर माझा राग नव्हता. ताटाबाहेर ती मला चालत नसे इतकंच. "घरपोच मासळी म्हणतात ती हीच," तुमचे आजोबा म्हणाले आणि पेपरात तोंड लपवून हसले. त्याच दिवशी मी कागद काढला.

आमचे सेक्रेटरी म्हणालेच होते, "मॅडम, इंग्रजीतच लिहा. वजन पडतं." मी त्याच जांभळ्या शाईने पानभर वजन पाडलं. असह्य दुर्गंधी, सार्वजनिक आरोग्यास धोका, ताबडतोब बंद करण्यात यावे. खाली सही न करता 'सर्व रहिवासी' असं लिहिलं. माझी अपेक्षा होती की सेक्रेटरी जाऊन तिच्याशी बोलतील. त्यांना ती हिंमत झाली नाही. त्यांनी माझा कागदच घडी करून तिच्या हातात ठेवला आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मुलगा कामावर गेल्यावर ती कागद घेऊन माझ्या दारात उभी.

"मास्तरीनबाय, यात काय लिवलंय तेवढं वाच. पोराला दावला नाय मी. त्याला आधीच लाज वाटते माझी. म्हनतो, एक जरी कागद आला तर घारी बंद आनि पाटी भंगारात."

माझं अक्षर माझ्याकडे बघत होतं. जन्मभर मी मुलांना मोठ्याने, स्पष्ट वाचायला शिकवलं, आणि त्या दिवशी मी ओळीच्या ओळी गाळल्या.

"थोडा वास येतो म्हणतात," मी वाचलं.

"आनि?"

"काटे पडतात म्हणतात. जमलं तर काळजी घ्या म्हणतात."

ती कागदाकडे बघत राहिली. "एवढ्या कागदात एवढंच? विंग्रजीला लय जागा लागते." मग म्हणाली, "काटे कोनाच्या अंगनात पडतात?"

"माझ्या."

"मग तोंडानं सांगायचं व्हतं ना गं."

तिने वाडीतल्या केळीच्या पानांकडे पाहिलं, जसं मी घड्याळाकडे पाहते. "दुपारी वारा समुद्रावरनं येतो. घारी त्याच्यासंगती तुझ्याकडं सरकतात, तुझं घर उगवतीला. सकाळी वारा जमिनीवरनं सुटतो, तवा उलट्या जातील. उद्यापासून सातला घालते."

माझा तर विश्वास बसला नाही. भूगोल मीही शिकले होते, पण त्याचा चादरींशी संबंध असतो हे कोणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सातला मी चहाचा कप घेऊन मागच्या दारात बसले. घारी आल्या, उचललं आणि खरंच मावळतीकडे वळल्या. माझं अंगण कोरडं ठणठणीत. मावळतीला सेक्रेटरींचं घर होतं. आठवड्याभरात ते आले. "मॅडम, परत एक पत्र..." मी म्हटलं, "माझी शाई संपली. तोंडाने सांगा." ते सांगायला गेले आणि येताना हातात पापलेट घेऊन आले. तिथे काय बोलणं झालं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण त्यांच्या स्कूटरवर तेव्हापासून ताडपत्री दिसू लागली. मी मात्र रोज सातला मागच्या दारात बसू लागले. वकिलीण कोणती, डायवरीण कोणती, मला लांबून कळायला लागलं. मास्तरीण तर लगेच कळायची.

चार-पाच वर्षांनी मुलाने घर विकलं आणि विरारला मनवेलपाड्यात चौथ्या मजल्यावर जागा घेतली. निघताना ती पाटी काखेत घेऊन निरोप घ्यायला आली, फाटकाशी थांबली आणि फाटकावरच्या माझ्या अक्षरांवरून तिने बोट फिरवलं.

"मला वाचता येत नाय," ती म्हणाली, "पन अक्षर वलखतं, तिरपं नि जांभलं. हे रोज बघत व्हते मी. तो कागदही ह्याच हाताचा व्हता."

मी विचारलं, "मग माझ्याकडेच का आणलात वाचायला?"

"तू काय वाचतेस ते ऐकायचं व्हतं," ती म्हणाली, आणि सवयीने फाटक लावून गेली.

घारी महिनाभर सातला येऊन फिरत राहिल्या, मग कमी झाल्या. आता वाडीच्या जागी इमारती आहेत, बावखल बुजलं, सेक्रेटरींचं घरही पाडलं. अंगण इतकं स्वच्छ असतं की झाडायला काही निघत नाही. फाटकावरची ती पाटी मात्र मी ठेवली आहे. आता फाटक उघडं टाकणारंही कोणी नाही, पण शाई उडाली की मी तीच अक्षरं पुन्हा गिरवते. वळण तेच ठेवते. ती कधी आलीच, तर हे घर ओळखायला तिला दुसरी खूण उरलेली नाही.