सिगुलाबाईंचा नवस आणि आमची ढाल

सिगुलाबाई झिराडकरांना मी घाबरत नव्हते असं म्हटलं तर माझी जीभ झडेल. अख्खं अलिबाग त्यांना घाबरायचं. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आणि सुई टोचायच्या आधी भल्याभल्या गड्यांना "तोंड बंद, दंड पुढे" असं दरडावायच्या. उंची जेमतेम पाच फूट, अंगाने भक्कम, पांढरं पातळ घोट्याच्या वर खोचलेलं, डोळ्यांवर जाड चष्मा. आवाज मात्र असा की इस्राएल आळीत बोलल्या तर कोळीवाड्यात ऐकू जावं. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. त्या इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्याच ज्यू; माहेरी तेलाचा घाणा होता. "शनिवारी आमचा बैलसुद्धा रजेवर," असं त्या मोठ्या ऐटीत सांगत.

देश स्वतंत्र झाला, त्याच्या पुढच्याच वर्षी तिकडे इस्राएलचं राज्य झालं, आणि आळीतली घरं एकेक करून निघू लागली. बाईंचा भाऊ इलाजरही घाणा विकून बायकोसह तिकडे गेला. मागे राहिलेल्यांचं मन लागेना. तेव्हा सिगुलाबाईंनी आळीच्या भगिनी मंडळाचा ताबा घेतला. त्याआधी हे मंडळ म्हणजे काय, तर सणाच्या आधी बायका जमायच्या, गोरगरिबांसाठी तांदूळ-गूळ गोळा करायच्या आणि सुनांची उणीदुणी काढून घरी जायच्या. बाईंनी तिथे मुलींचा खो-खो सुरू केला.

आळीतली वडील मंडळी बिथरली. मुलींच्या जातीला धावायचं कशाला? बाई म्हणाल्या, "मी तीनशे बाळंतपणं केली आहेत. तिथे रूप कामाला येत नाही, दम लागतो. तो आत्ताच कमावलेला बरा." 

नियम दोनच होते. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सराव. आणि रविवारी सकाळी दवाखान्यात हजेरी: पट्ट्या गुंडाळायच्या, रोग्यांना पेज भरवायची, लांबच्या गावांहून आलेल्यांची पत्रं लिहून द्यायची. जी रविवारी आली नाही तिने मंगळवारी नुसतं रेषेबाहेर उभं राहायचं. मला पेज भरवायचा अस्सा कंटाळा यायचा! पण खेळायला मिळावं म्हणून मी एका दातपडक्या म्हाताऱ्याला महिनाभर भरवलं, आणि तो बरा होऊन नागावला गेला तेव्हा घरी येऊन रडले. असं ते शिक्षण होतं.

आता मी भंडारी समाजातली कमळ, नारळाच्या वाडीतली. मी इस्राएल मंडळात शिरले कशी? सन त्रेपन्नमध्ये आळीतल्या तीन मुली एकाच बोटीने गेल्या. खो-खोला नऊ जणी लागतात, उरल्या सहा. मंडळाच्या नावाने बाहेरच्या मुली खेळवायच्या म्हटल्यावर पुन्हा कुरबूर झाली. बाईंनी विचारलं, "तुम्ही सहाच दिल्यात. बाकीच्या तीन आभाळातून पडणार आहेत का?" मग मी आले, माझी मावसबहीण आली आणि कोळीवाड्यातून काशी आली.

काशीची निवड बघण्यासारखी झाली. ती बाईंच्या दारी मासळी घेऊन यायची. कोळंबी, खेकडे तिच्या टोपलीत असले तरी तिथे झाकलेलेच राहत, कारण इस्राएल लोकांना खवल्याचाच मासा चालतो आणि बाई प्रत्येक माशाची खवलं नखाने खरवडून बघत. एके सकाळी ही तपासणी चालू असताना घारीने पापलेट उचललं. काशी शिव्या घालत घारीमागे सुटली ती वेशीपर्यंत गेली, आणि पापलेट घेऊनच परतली. बाईंनी मासा बाजूला ठेवला. "मासळी राहू दे," म्हणाल्या, "संध्याकाळी पटांगणात ये."

शनिवार मात्र पवित्र. शुक्रवारी सूर्य बुडाल्यापासून शनिवारी आभाळात तीन चांदण्या दिसेपर्यंत बाई काडीला हात लावत नसत. सन चोपन्नमध्ये जिल्ह्याचा उपान्त्य सामना शनिवारी दुपारी आला. बाईंनी पत्रं लिहिली, पंचांना विनवलं, काही उपयोग झाला नाही. संघ मैदानाच्या कडेला नुसता बसून राहिला आणि समोरच्यांना पुढे चाल मिळाली. गंमत म्हणजे सगळ्यांत ठाम काशी होती. "शनवारी खेललं तर पाय मोडतो, माझी आय सांगते," असं ती पंचांनाच बजावून आली. तिच्या आईला हे कुणी सांगितलं होतं देव जाणे!

पंचावन्न साली आम्ही जिल्ह्याच्या ढालीच्या अंतिम सामन्यात दोन गड्यांनी हरलो. छप्पन साली एका गड्याने. आणि त्याच माघात इलाजरचं पत्र आलं: आता एकटी राहू नकोस, कागद तयार आहेत, ये.

त्या आठवड्यात आळीत मलिदा होता. एलियाहू हन्नबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावाने करतात. गूळ-खोबऱ्यात कालवलेले पोहे, वर केळी, खजूर, आणखी दोनतीन फळं, सगळं एका मोठ्या ताटात. प्रार्थना होते, मागणं मागतात, फेडायचे नवस फेडतात आणि मग सगळे मिळून खातात. आम्ही मुली वाढायला होतो. पत्राची बातमी सगळ्यांना होतीच. कुणीतरी बाईंना म्हणालं, "आता जा की बाई, त्या पोरींकडून काही ढालबिल यायची नाही."

खरं तर नवस मनात बोलायचा असतो. बाईंच्या हातून जन्मात एक चूक झाली असेल तर ती हीच, की रागाच्या भरात त्यांनी तो सगळ्यांसमोर बोलून टाकला. ताटासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "एलियाहू हन्नबीची आण. माझ्या पोरी ढाल आणतील तेव्हा मी मलिदा करीन, आणि मिळेल त्या पहिल्या बोटीने जाईन. त्याआधी नाही!" जमलेली सगळी माणसं एका सुरात "आमेन" म्हणाली. एकदा आमेन पडलं की शब्द परत घेता येत नाही.

त्या दिवशी आम्हाला त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट वर्षभर आम्ही जिवाचं रान केलं. सत्तावन्नच्या जानेवारीत उपान्त्य सामना अगदी सहज मारला आणि नाचत-गात परत येत होतो. आणि मग काशी मध्येच थांबली.

"ए बायांनो, रविवारी जिकलो तं बाई जातील."

आम्ही जागच्या जागी उभ्या राहिलो. वर्षभर नुसत्या ढालीकडे डोळे लावून धावत होतो. ढालीच्या मागे बोट उभी आहे हे एकीलाही सुचलं नव्हतं. अकलेचे कांदे म्हणतात ते आम्हीच.

बाईंच्या चुलतभावाची मुलगी हन्ना आमची कप्तान.  "आत्याला नवस मोडता यायचा नाही," ती म्हणाली. "आमेन झालंय. पण ढालच आली नाही, तर नवस लागू कुठे होतो?"

झालं. कुणी शपथ घातली नाही, कुणी नको म्हटलं नाही. बाई राहायला हव्यात एवढंच आम्हाला कळत होतं.

रविवारी पनवेलच्या संघाशी गाठ होती. दत्तात्रेय मास्तर पंच. जिल्ह्यातून माणसं आलेली, दवाखान्यातले कंपाउंडरसुद्धा झाडावर चढून बसलेले. पहिल्या डावात काशी, जिने घारीकडून पापलेट सोडवून आणलं होतं, ती पहिल्याच मिनिटाला बाद झाली. मी खांबाशी अडखळले. हन्नाने दोनदा उलटा खो दिला. डाव संपला तेव्हा पनवेलने आमच्या आठ जणी बाद केल्या होत्या आणि आम्ही त्यांच्या तीन. लोक हळहळत होते. आम्ही माना खाली घालून बाईंसमोर उभ्या राहिलो, चेहरे जमतील तेवढे दुःखी करून.

 बाईंनी काशीचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. मग माझं धरलं. मग हन्नाचं.

"देवळातून आल्यासारखी नाडी चालली आहे तुमची," त्या म्हणाल्या. "सात मिनिटं धावलेल्या मुलीची नाडी अशी नसते. कमळ, तू सांग."

दरवेळी मलाच का विचारत कोण जाणे. मी भडाभडा सगळं ओकले. बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा काढला. त्यांचे डोळे मी पहिल्यांदाच काचेशिवाय पाहिले. लहान मुलीसारखे दिसत होते.

"गाढवांनो," त्या म्हणाल्या, पण आवाज नेहमीसारखा लागेना. "मी राहावं म्हणून हरता? आणि राहून करू काय? मुद्दाम हरणाऱ्या पोरींना शिकवत बसू? शब्द दिला की पाळायचा, मैदानात उतरलं की खेळायचं, एवढं एकच तर मी शिकवलं तुम्हाला. नवस माझा आहे. त्यात तुम्ही खो घालू नका."

"मंग तुमी जाल," काशी म्हणाली.

"जाईन."

"मंग आमाला वरडंल कोन?"

"एकमेकींवर ओरडा. जा आता!"

त्यानंतर आम्ही जे खेळलो ते मला धड आठवतही नाही. रडत खेळलो एवढं आठवतं. रागही आला होता, बाईंचा, एलियाहूचा, त्या इलाजरचा. तो सगळा राग पनवेलच्या बिचाऱ्या मुलींवर निघाला. आम्ही त्यांच्या नऊच्या नऊ बाद केल्या. मग आम्ही पळायचं आणि त्यांनी पकडायचं. त्यांनी आमच्या तीन पटापट घेतल्या. त्यांना बरोबरीला आणखी एक हवी होती, आणि मैदानात काशी होती. दोन्ही खांबांमधून ती अशी निसटत राहिली की समोरच्या मुली एकमेकींवर आपटल्या. दत्तात्रेय मास्तरांची शिट्टी वाजली तरी ती पळतच होती. एका गड्याने ढाल आमची झाली.

लोकांनी बाईंना खांद्यावर घ्यायचा बेत केला. "खबरदार!" म्हणाल्या. तेव्हा लोकांनी ढालच खांद्यावर घेतली.

मलिदा त्याच आठवड्यात झाला. आळीतल्यांच्या बरोबरीने आम्हीही ताटाभोवती बसलो. काशीने तीनदा मागून घेतला, आणि "गूल कमी हाय" असंही सांगितलं. हसत होतो, पण पुढ्यातलं नुसतं चिवडत होतो. बाईंनी नोकरीचा राजीनामा दिला. बोट मे महिन्यात मिळाली.

मुंबईला जायला रेवसहून लाँच. आम्ही नऊ जणी धक्क्यावर गेलो. बाईंचं सामान म्हणजे एक ट्रंक आणि वळकटी, बस. त्यांनी एकेकीला नेहमीप्रमाणे बोल लावले: हिची वेणी सैल, तिच्या पायात काटा असून दाखवला नाही. सामान चढलं. खलाशाने हात पुढे केला. आणि बाई फळीवर एक पाय ठेवून थांबल्या.

"मी नाही जात," त्या म्हणाल्या.

आम्हाला कळेचना. त्या मागे वळल्या. जिल्ह्याला धाकात ठेवणाऱ्या त्या बाईंनी चष्मा काढून हातात घेतला. "काय करायचं आहे मला तिकडे? कोण ओळखतं मला? राहिला नवस तर राहिला. ट्रंक उतरवा रे!"

देवा, मला किती आनंद झाला! मी ट्रंकेकडे धावलेसुद्धा. हन्नाही धावली. पण काशी मध्ये आली. कमरेवर हात ठेवून फळीच्या तोंडाशी उभी राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा बाईंवर ओरडली. सगळा धक्का वळून बघू लागला.

"बाई! शब्द दिलाव ना? मंग जावा! आमाला हरू दिलंव न्हाय, आता तुमी मुद्दाम हरताव व्हय?"

 बाईंनी काशीचं मनगट धरलं. घड्याळ मात्र पाहिलं नाही. थोडा वेळ नुसतं धरलं, सोडलं, आणि पातळ खोचून ताठ मानेने फळी चढून गेल्या.

लाँच खाडीबाहेर पडेपर्यंत काशी तशीच कमरेवर हात ठेवून उभी होती. लाँच दिसेनाशी झाल्यावर मात्र ती मटकन खाली बसली, आणि आम्ही सगळ्या जणी तिच्याभोवती बसून पोटभर रडलो.