इस्त्रीवालीची डावी टाच

सव्वीस वर्षं एकाच फरशीवर उभी राहिलेली बाई चालायला निघाली, तेव्हा गल्लीत कुणी ते मनावर घेतलं नाही. तिचं इस्त्रीचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एक टेबल, एक बल्ब, कपड्यांचे गठ्ठे आणि ती. तिने सुरू बरंच काही केलं होतं. शिवणाचा क्लास, मोटार चालवायला शिकणं, जावेसाठी स्वेटर. तडीस काहीच गेलं नव्हतं. स्वेटरला तर एकच बाही होती. त्यामुळे पाठीवर पिशवी अडकवून ती एकतीस मुक्कामांच्या यात्रेला निघाली तेव्हा नवरा एवढंच म्हणाला, "परतीच्या बसचं वेळापत्रक घेऊन जा."

एकोणिसाव्या मुक्कामाला डावी टाच फुटली. फोड फुटला, त्याखाली दुसरा आला, तोही फुटला. यात्रीनिवासाच्या पायऱ्या ती बसून बसून चढली. निवास सांभाळणाऱ्या बाई निवृत्त नर्स होत्या. त्यांनी टाच उजेडात धरली.

"ह्याच्यावर चालत आलात? कुणावरचा राग काढत होतात?"

"उद्या सकाळी निघते."

"उद्या खाटेवरून उठून तर बघा. दहा दिवस इथून हलायचं नाही."

"पण इथे एकच रात्र राहता येतं ना?"

"यात्रेकरूला. कामाच्या माणसाला नाही. चादरी धुता येतात का?"

"येतात. इस्त्रीही येते."

"इस्त्री काय करायचीय! इथे लोक ओल्या मोज्यांत झोपतात."

टाचेला पट्टी बांधून ती कामाला लागली. मुलाचा फोन आला. "आई, बास झालं आता. पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो. कुणी काही म्हणणार नाही. तसंही..." आणि तो थांबला.

ते 'तसंही' तिच्या कानात दिवसभर राहिलं. तसंही ती यात्रा पुरी करेल असं कुणी धरूनच चाललं नव्हतं. आता गाडीत बसली असती, तर एकोणीस मुक्काम म्हणजे आणखी एक बाही.

सकाळी आठपर्यंत चाळीस खाटा रिकाम्या व्हायच्या. मग चादरी, फरशी, मोऱ्या. संध्याकाळी नवे लोक यायचे. त्यांचे बूट बाहेर व्हरांड्यातच राहायचे आणि तळव्यांचा चिखल ती खरवडून काढायची. कॉलर बघून कोण मान कशी धरतो ते सांगणारी बाई ती. चौथ्या दिवशी तिला तळवे वाचता यायला लागले. हा आत पाय टाकतो. ही चवड्यांवर चालते, घाईची आहे. शेवटी तिने स्वतःचे बूट उलटे केले. उजवा जवळजवळ कोरा होता. डाव्याची टाच एका बाजूने तिरकी झिजली होती.

दुसऱ्या दिवशी फरशी पुसताना तिने खाली पाहिलं. उजव्या हातात दांडा, सगळा भार डाव्या पायावर, उजवा पाय नुसता टेकलेला. दुकानात ती अशीच उभी राहायची, उजव्या हातात इस्त्री धरून. सव्वीस वर्षं. म्हणजे आपण चाललोच नाही, तिच्या मनात आलं. एकोणीस मुक्काम आपण टेबलापाशीच उभ्या होतो. टेबल तेवढं पुढे सरकत होतं.

तिने ते नर्सबाईंना सांगितलं.

"मग त्या टाचेचं काय चुकलं? दोघींचं काम एकटी करतेय बिचारी!" नर्सबाई म्हणाल्या आणि फरशी पुसायचा दांडा तिच्या डाव्या हातात दिला. बुटाच्या झिजलेल्या टाचेला त्यांनी रबराचा तुकडा चिकटवून ती सपाट केली. दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन ती लांबलचक बोळातून येरझाऱ्या घालायची आणि स्वयंपाकघरातून नर्सबाईंची आरोळी यायची, "कललात! डावीकडे कललात!" यात्रेकरू हसायचे. तीही हसायची, पण थांबायची नाही.

रविवारी मुलगा आला तेव्हा ती नाड्या बांधून पायरीवर बसली होती.

"पुढचा मुक्काम खिंडीपलीकडे आहे. चौदा किलोमीटर. तू गाडीने वळसा घालून जा. मी लंगडत आले तर मुकाट्याने गाडीत बसेन."

"आणि नाही लंगडलीस तर?"

"तर तू बस मुकाट्याने."

चढावर उजवा पाय नव्याने कामाला लावलेल्या गड्यासारखा कुरकुरत होता. खिंडीच्या तोंडाशी डाव्या टाचेत चुरचुरलं. दगडावर बसून तिने मोजा काढला, पट्टी सोडली. नुसता घाम होता. कातडी गुलाबी, अखंड. तिने बोटाने ती दोनदा दाबून पाहिली आणि एकटीच मोठ्याने ओरडली. खालच्या झाडांतून पाखरं उडाली.

उताराच्या तळाशी मुलगा गाडीला टेकून रस्त्याकडे डोळे लावून होता. आईची कलती चाल तो लहानपणापासून लांबून ओळखायचा. तीच शोधत होता. सरळ चालत येणाऱ्या बाईवरून त्याची नजर पुढे गेली.

"काय रे, कुणाची वाट बघतोयस?"

तो तिच्या पायांकडे बघत राहिला. मग त्याने फोन लावला. "बाबा, ती येत नाहीये... नाही हो, लंगडत नाहीये. बाबा, ती मला ओळखूच आली नाही."

उरलेले अकरा मुक्काम तिने अकरा दिवसांत चालून काढले. शेवटच्या चौकात नवरा उभा होता, जाऊ होती, मुलगा होता. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"टाच कशी आहे?" नर्सबाईंनी विचारलं.

"कुठली?" ती म्हणाली.

नर्सबाई हसत सुटल्या. त्यांच्यामागे कुणीतरी फरशीवर बादली ओतल्याचा आवाज आला.