ताट कुणी झाकलं?

आमच्या टिंबने कादंबरी लिहिली आणि तिच्यात मी नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझं डोकं का फिरलं ते कळेल.

टिंब माझी भाची. तिची आई गेली आणि वर्षाच्या आत माझ्या भावाने तिला इथे लॉन्ड्रीत आणून दाराजवळच्या खुर्चीत बसवलं. "जरा जाऊन येतो," म्हणाला. गेला तो गेलाच. पोरगी दाराकडे तोंड करून बसली, ती शाळा संपेपर्यंत रोज तिथेच बसायची. एवढीशी होती म्हणून मी तिला टिंब म्हणायला लागले. बोलणंही तेवढंच. भूक लागली? हो. शाळा कशी होती? बरी. मी दिवसभर गिऱ्हाइकांशी तोंड वाजवणारी बाई, आणि माझ्या पदरात हे मौनव्रत पडलं.

आता ती माझ्याबरोबर दुकान बघते. कपड्यांना नंबरांच्या चिंध्या टाचते आणि मधल्या वेळात लिहिते. एक दिवस तिने चार कागद पुढे ठेवले. चार म्हणजे अगदी चार नव्हेत, पण कादंबरी म्हणावी असं वजन काही हाताला लागेना.

"एवढीच?"

"बाकीचं काढून टाकलं."

मी चष्मा पुसून वाचायला बसले. एक मुलगी, एक खुर्ची, एक दार. गोष्टीला सुरुवाती तीन, आणि तिन्हींत बाप निघून जातो. मध्येच ती मुलगी वाचणाऱ्यालाच सांगते, हे मी रचतेय, पटत नसेल तर मिटून ठेवा. गिऱ्हाइकाशी असं बोललं तर दुकान चालेल का? पण ते जाऊ दे. आत्या कुठेच नाही. मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. नाहीच.

टिंबने ज्यांना कागद पाठवले होते, ते प्रकाशक त्याच आठवड्यात दुकानात आले. भला माणूस, कोट मात्र चुरगळलेला. म्हणाले, "तुमचं लिखाण अस्तित्ववादी आहे. आपण कोण, कशासाठी, हे कुणी सांगत नाही, आपलं आपण ठरवायचं. तेही इतक्या कमी शब्दांत. पण शेवट कुठाय? वडिलांना परत आणा, मी लगेच छापतो."

टिंब म्हणाली, "विचार करते."

ते शब्द माझ्या काळजात घुसले. म्हणजे अजून हिचे डोळे दाराकडेच. मग मी केलं ते सगळं पाण्यात गेलं का? हाच एक प्रश्न मला खायला लागला. प्रकाशक गेले आणि मी एका शर्टाची कॉलर जाळली.

"आण तुझ्या बापाला," मी म्हणाले. "खुर्ची मी पुसून ठेवते. माझं नाव नको घालूस, पण एखादी ओळ? इतकी वर्षं मी काय इथे भिंतीला टेकून उभी होते?"

गठ्ठ्यातलं एक पान काढून तिने माझ्या हातात दिलं. "मोठ्याने वाच."

मी रागारागाने वाचलं. "शाळेतून आले. ताट झाकलेलं होतं. हात धुवायला पाणी कोमट होतं. बाबा आले नव्हते." खाली आणखी होतं. "ताप होता. कपाळावर ओली घडी होती. सकाळी गणवेशाला इस्त्री झालेली होती. बाबा आले नव्हते."

"अगं पण ताट झाकलं कुणी?" मी वैतागून म्हणाले. "आपोआप झाकलं गेलं?"

"वाचणाऱ्याने हेच विचारायला हवं," टिंब म्हणाली. हातातली चिंधी टाचत होती, वर बघितलं नाही. "त्या मुलीला दिसतच नाही. ती दाराकडे बघत बसते ना. तिला दिसायला अख्खं पुस्तक जावं लागतं."

तिच्या तोंडून इतकं लांबलचक मी कधी ऐकलं नव्हतं.

"आणि दिसतं का तिला?"

"शेवटी. ते लिहायचंय अजून."

"बाप येतो?"

"आला तर आला. तोवर ती खुर्चीतून उठलेली असेल."

पुढच्या आठवड्यात ती शेवट लिहून प्रकाशकांकडे घेऊन गेली. नंतर कळलं की त्यांनी विचारलं, "वडील कुठायत?" ही म्हणाली, "त्यांची वाट बघणारं आता कुणी नाही." ते बराच वेळ कुरकुरले, पुस्तक फार बारीक होईल म्हणाले, आणि हो म्हणाले.

मी त्या दुपारी चादरींचे गठ्ठे पोचवायला गेले होते. परत आले ती भुकेने कावलेली, पाय दुखत होते. टिंब प्रकाशकांकडून अजून आली नव्हती. दाराजवळची खुर्ची जागेवर नव्हती. ती आत, जेवायच्या टेबलाशी, टेबलाकडे तोंड करून ठेवलेली. टेबलावर ताट, त्याच्यावर दुसरं ताट पालथं, आणि शेजारी शेवटच्या पानाची एक प्रत.

"खुर्ची आत नेली. आत्या दमून येईल. मी ताट झाकून ठेवलं."

अख्ख्या पुस्तकात आत्या एवढी एकदाच आहे. मी त्याच खुर्चीत बसून जेवले. रडत जेवले, खोटं कशाला सांगू. मग हात धुतले, तिच्यासाठी वाढलं आणि ताट झाकून ठेवलं.