तिखटमिठाची पोळी आणि आत्याबाईंची आई

मैत्रिणींनो, आज सकाळी तिखटमिठाची पदराची पोळी करत होते. तेल, तिखट, ओवा लावून घडी घालताना सासऱ्यांची थोरली बहीण, आमच्या नव्वदी ओलांडलेल्या आत्याबाई, शेजारी येऊन बसल्या.

"आईनं येकदाच केली हुती आशी," त्या म्हणाल्या. "मी सात-आठ वर्सांची. तापातनं उठले हुते, पोळी मागितली."

१९३७-३८ चा सुमार. आत्याबाईंच्या माहेरी, पणदरे गावात, रोज भाकरीच, गहू सणासाठी राखलेला. वडील रानातून आले, पोळी पाहिली आणि चुलीतलं पेटतं लाकूड त्यांनी आईच्या हातावर हाणलं. कातडी सोलून निघाली. लाकूड परत उगारलं, तसा आईनं पदरानं धरून तापलेला तवा त्यांच्या गुडघ्यावर घातला. ते तिथंच कोसळले.

"मग?" मी विचारलं.

"मग आमी दोघींनी पोळी खाल्ली. बाबा सरपटत वसरीवर जाऊन कण्हत हुता. परत हात न्हाय उचलला त्यानं. पर आईच्या त्या भाजल्या हाताची मूठ परत कवा मिटली न्हाय."

हे वडील म्हणजे माझे आजेसासरे. त्यांच्या फोटोला मी रोज फूल वाहते. आज हात पुढं झाला नाही. तुम्ही वाहिलं असतं का?